मुंबईत उतरायचे कुठे?

गावाकडून मुंबईला निघालेल्या माणसाला घरची माणसे तीन प्रश्न विचारतात. काम काय? जाणार कधी? आणि तिसरा प्रश्न जरा आवाज उतरवून विचारला जातो : "उतरणार कुठे?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे खिशातल्या कागदावर लिहिलेली असतात. इस्पितळाची तारीख असते, मुलाखतीचे बोलावणे असते, मंत्रालयात अडकलेल्या एखाद्या प्रकरणाचा क्रमांक असतो. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर खिशातला तो कागद खिशातच राहतो. गुजराती मंडळींत एक म्हण आहे, की मुंबईत रोटला मिळतो, ओटला मिळत नाही. भाकरी मिळेल हो, पण पाठ टेकायला ओटा मिळायचा नाही. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते ह्या ओट्याच्या इतिहासाबद्दल.

विषय तसा किरकोळ वाटेल. इतिहास म्हटला की आपल्याला गड, लढाया आणि तह आठवतात. परंतु परक्या शहरात गरीब माणूस रात्री कुठे निजला, त्याला दार कोणी उघडले आणि कोणी लावून घेतले, हाही इतिहासच आहे. किंबहुना समाज कसा होता हे त्यावरून जितके कळते, तितके एखाद्या तहावरून कळत नाही.

आधी माझीच गोष्ट सांगतो. २००४ साली प्राध्यापकाच्या जागेच्या मुलाखतीसाठी मी पहिल्यांदा एकटा मुंबईस गेलो. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी एका चिठ्ठीवर लालबागमधल्या एका चाळीचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "लॉजच्या भानगडीत पडू नकोस. आपल्या गावची खोली आहे." पहाटे एस. टी. तून उतरलो आणि विचारत विचारत ती चाळ गाठली. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली. भिंतीला ओळीने खुंट्या, खुंट्यांवर कपडे, भिंतीच्या कडेने ट्रंका, आणि जमिनीवर दहाबारा माणसे झोपलेली. दारातल्या एका म्हाताऱ्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "कुणाचा रं तू?"

"गुरुजींचा धाकटा."

"मग ठेव की पिशवी तिथं. चहा घेतलास काय?"

झाले. ना नाव लिहिणे, ना अनामत, ना भाडे. दोन रात्री मी तिथे राहिलो. निघताना पैसे पुढे केले, तर भिंतीवरच्या गणपतीपुढे एक डबा होता तो त्यांनी दाखवला. त्यात काय टाकायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. त्या वेळी मला त्याचे फार अप्रूप वाटले. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा कळले, की त्या एका खोलीमागे दीडशे वर्षांची हकीकत उभी आहे. आणि हेही कळले, की "कुणाचा तू?" ह्या ज्या प्रश्नाने मला दार उघडले, त्याच प्रश्नाने दुसऱ्या कितीतरी माणसांपुढे ते लागले होते.

पहिल्यापासून पाहू. आगगाडी येण्यापूर्वी आपल्याकडे माणूस प्रवास करी तो पायी, घोड्यावर किंवा बैलगाडीने. मुक्काम पडे देवळाच्या सभामंडपात, चावडीत, तालमीत किंवा धर्मशाळेत. अन्न शिजवून देणे आणि निवारा देणे ह्याचे पैसे घ्यावेत, ही कल्पना पुष्कळांना लाजिरवाणी वाटे. वाटसरूसाठी धर्मशाळा बांधणे, विहीर खोदणे, सदावर्त घालणे ही पुण्याची कामे होती. अहिल्याबाई होळकर १७९५ साली वारल्या. त्यांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. ह्या व्यवस्थेत वाटसरू एखाद्‌दुसरी रात्र राही आणि पुढची वाट धरी. संख्या थोडी, मुक्काम थोडा. त्यामुळे दानधर्मावर भागत असे.

मुंबईने हा हिशेब मोडला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि पैशामागोमाग माणसे आली. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाखांच्या वर भरली. युद्ध संपले, भाव कोसळले, कित्येकांची दिवाळी निघाली आणि १८७२ च्या शिरगणतीत तीच वस्ती साडेसहा लाखांच्या आत आली. पण गिरण्या वाढतच होत्या. माणसे पुन्हा आली, ती मात्र आता एका रात्रीपुरती नव्हती. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर शंभर माणसांत ऐंशीहून अधिक माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. सारे शहरच जणू मुक्कामाला आलेले होते.

आता जागा का महाग झाली ते पाहा. पुण्याला किंवा नागपूरला वस्ती वाढली, तर गाव चहूबाजूंनी पसरू शकते. मुंबई म्हणजे सात बेटे भराव घालून जोडलेली एक चिंचोळी पट्टी. दोन्ही अंगांना समुद्र. बंदर, पेढ्या, कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि गिरण्या मध्यभागी. ज्याला रोज चालत कामावर जायचे, त्याला कामाजवळच राहायला हवे. थोड्याशा जागेवर लाखो माणसांची गर्दी लोटली, आणि जमिनीचा भाव वाढतच गेला. जमीन महाग, म्हणून खोली महाग; खोली महाग, म्हणून रात्रीचा मुक्कामही महाग. हे गणित आजतागायत बदललेले नाही.

श्रीमंत पाहुण्यांची सोय लवकर झाली. काळ्या घोड्याजवळ वॉटसनचे हॉटेल १८७१ च्या सुमारास सुरू झाले. बिडाच्या सांगाड्यावर उभारलेली ती इमारत विलायतेहून सुट्या भागांनी आणलेली. ७ जुलै १८९६ रोजी हिंदुस्थानातला चलच्चित्रांचा पहिला खेळ तिथेच झाला. १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजी टाटांनी ताजमहाल हॉटेल उघडले. ही दोन नावे मुंबईच्या प्रत्येक इतिहासात सापडतील. पण रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेला, वळकटी खांद्यावर घेतलेला माणूस कुठे गेला? त्याचे नाव त्या पुस्तकांत कुठे सापडत नाही.

त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली वाट दानशूरांच्या धर्मशाळेची. कापसाच्या आणि व्यापाराच्या पैशातून मुंबईत पुष्कळ धर्मशाळा उभ्या राहिल्या. सी. पी. टँकजवळचा माधवबाग हा वरजीवनदास आणि नरोत्तमदास ह्या बंधूंनी आपल्या वडिलांच्या, माधवदासांच्या, नावाने उभारला. जवळच हिराबाग ही शेठ माणेकचंद हिराचंद यांनी बांधलेली धर्मशाळा. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला हाजी साबू सिद्दिक यांच्या नावाचा मुसाफिरखाना आहे. मक्केला जाणारे यात्रेकरू गावोगावहून येत आणि बोट सुटेपर्यंत तिथे थांबत. ती समुद्रावरची वाट १९९५ साली बंद झाली. अशा जागांचे नियम बहुतेक सारखेच असत. थोडे दिवस राहायचे, स्वच्छता ठेवायची, आणि जागा ज्या समाजासाठी बांधली त्या समाजाचा असायचे. दान खरे होते, पण दानाच्या पाटीवर समाजाचे नावही होते.

दुसरी वाट पैसे देऊन राहण्याची, म्हणजे खाणावळ आणि लॉजिंग. क्रॉफर्ड मार्केटसमोरचे सरदारगृह हे त्यातले नामांकित. लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे तिथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. शिकलेल्या, पगारदार माणसाला हे परवडे. महिना पंधरावीस रुपये मिळवून त्यातले निम्मे घरी मनिऑर्डर करणाऱ्याला ते परवडण्याजोगे नव्हते.

म्हणून त्याने तिसरी वाट स्वतःच काढली. ती म्हणजे गावची खोली. कुठे तिला गाळा म्हणतात, कुठे मंडळाची खोली. हिशेब साधा होता. समजा, खोलीचे भाडे महिन्याला बारा रुपये आहे. एकट्याने ते देणे अशक्य. पण एका गावच्या चोवीस माणसांनी मिळून खोली घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ आणे आले. तुम्ही म्हणाल, एका खोलीत चोवीस माणसे झोपणार कशी? गिरण्यांत पाळ्या सुरू झाल्या, तेव्हा ह्याचे उत्तर आपोआप मिळाले. दिवसपाळीवाला उठून गेला, की रात्रपाळीवाला त्याच जागी पथारी पसरी. उरलेले गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर आणि उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला. खोलीत माणसाच्या मालकीचे म्हणाल तर एक खुंटी आणि एक ट्रंक. तेवढ्यावर त्याने पंचवीसतीस वर्षे काढली, आणि गावाकडे घरावर कौले चढवली, बहिणींची लग्ने केली, धाकट्या भावाला शाळेत घातले.

आणि ही खोली केवळ झोपण्याची जागा नव्हती. गावचे पत्र तिथे येई. गावाकडे निघालेल्या माणसाबरोबर पैसे तिथून जात. आजारी माणसाला सोबत तिथून मिळे. गावातल्या शाळेसाठी, देवळासाठी, नळासाठी वर्गणी जमे ती त्याच खोलीत. आपल्या कोकणात आणि घाटावर कितीतरी शाळांच्या भिंतीवर "मुंबईकर ग्रामस्थ मंडळ" अशी पाटी आढळते. शिक्षक बंधूंनी ती पाटी रोज पाहिली असेल. ती पाटी अशा एखाद्या खोलीत जन्मली आहे.

गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी हीच युक्ती आपल्या पद्धतीने योजली. धोबीतलाव आणि आसपासच्या भागात त्यांचे 'कूड' होते. कोंकणीत कूड म्हणजे खोली. प्रत्येक कुडाला एकेका गावाचे नाव. बोटीवर काम करणारे खलाशी, आचारी, वाजंत्री हे बोट मिळेपर्यंत तिथे राहत. महिन्याची वर्गणी किरकोळ, ट्रंक ठेवायला जागा, आणि संध्याकाळी वेदीपुढे सर्वांनी मिळून प्रार्थना. १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. म्हणजे ही माणसे कागदोपत्री परक्या राज्यातून येत. तरी मुंबईत पाय ठेवल्याबरोबर ती आपल्या गावात असत. यांपैकी काही कूड अजून टिकून आहेत.

ह्या साऱ्या पुरुषांच्या जेवणाचे काय? ते सांभाळले खाणावळवाल्या बायकांनी. गिरणगावात आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत चूल पेटवून एकेक बाई वीसवीस गड्यांना दोन वेळ जेवू घाली. हिशेब महिन्याचा. संप झाला, गिरणी बंद पडली, की हिशेब उधारीचा. स्वतःचे दागिने गहाण ठेवून तिने संपवाल्यांना पोसले आहे. सावकाराच्या व्याजातून ह्या बायकांना सोडवण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. मुंबईच्या कापडावर नाव गिरणीचे, पण त्यातला एक धागा ह्या चुलींचा आहे, हे विसरता कामा नये.

मग सरकार काय करीत होते? १८९६ साली मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. दाटीची वस्ती हे त्याचे एक मोठे कारण मानले गेले, आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, जुन्या वस्त्या पाडल्या, काही चाळी बांधल्या. पुढे १९२० मध्ये डेव्हलपमेंट खाते निघाले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे त्याने २०७ चाळी बांधल्या. त्याच बी. डी. डी. चाळी. खोली १६० चौरस फुटांची. गंमत अशी, की माणसे फुटपाथवर झोपत असताना ह्यांतल्या पुष्कळ खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब पडे, आणि भाडे कामगाराला झेपत नसे. पुढे त्या भरल्या, इतक्या भरल्या की तिथल्या प्रत्येक कुटुंबाने गावाकडचा एखादा पुतण्या, एखादा भाचा सांभाळला. सरकारने घर बांधले, पण पाहुण्याला जागा दिली ती त्या घरातल्या बाईने, स्वतः मोरीशेजारी पदर पसरून.

१९४७ साली भाडेवाढ रोखण्यासाठी कायदा झाला. त्याचे नाव ऐकण्यासारखे आहे : मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायदा. म्हणजे त्या काळच्या सरकारला हॉटेलात एका रात्रीला काय पडावे, हाही कायद्याने पाहण्याचा विषय वाटत होता. त्या कायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळाले. मात्र भाडे गोठल्यामुळे मालक नवी खोली भाड्याने द्यायला कचरू लागले आणि पागडीचा सुळसुळाट झाला. १९९९ साली त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्याच्या नावातून हॉटेल आणि निवासगृह हे शब्द गेले.

श्रोतेहो, इथवर मी जे सांगितले ते ऐकून तुम्हांला वाटेल, की आपली माणसे किती चांगली! ती चांगली होतीच. पण इतिहास सांगणाऱ्याने अर्ध्यावर थांबू नये. आता मला त्या दाराबद्दल बोलायचे आहे, आणि त्यासाठी तुम्हांला मुंबईहून थोडे वर, बडोद्याला न्यावे लागेल.

१९१७ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून परत आले. शिक्षणासाठी महाराज सयाजीरावांनी मदत केली होती, आणि कराराप्रमाणे बडोदे संस्थानात नोकरी करायची होती. एवढा शिकलेला माणूस बडोद्याच्या स्टेशनावर उतरला तेव्हा त्याच्या मनात प्रश्न तोच होता : उतरायचे कुठे? हिंदू हॉटेलात जात विचारतील. ओळखीच्यांकडे जावे, तर ते अडचणीत येतील. शेवटी एका पारशी निवासात, पारशी नाव वहीत लिहून, त्यांनी खोली घेतली. जेवणखाण धरून दिवसाला दीड रुपया. त्या ओसाड माडीवर ते एकटेच राहत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला एक जमाव जिन्याने वर आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम देऊन गेला. दोन मित्रांना आसरा मागितला; दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. तेव्हा बाबासाहेब तिथल्या सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मुंबईत परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या एका चाळीत दोन खोल्या होत्या. तिथे ते १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले.

विचार करा. पैसे नव्हते म्हणून जागा मिळाली नाही, असे नव्हे. दीड रुपया द्यायला ते तयार होते. "कुणाचा रं तू?" ह्या प्रश्नाचे खरे उत्तर देता आले नाही, एवढेच. स्वस्त जागेची टंचाई एक, आणि दार उघडायचेच नाही ही टंचाई दुसरी. पहिल्या टंचाईवर वर्गणी काढता येते. दुसरीसाठी लढावे लागते.

आणि लोक लढले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. म्हणजे सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना मोकळे असावेत, असा तो ठराव. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, त्याच्यामागे हाच ठराव होता, हे आपण शाळेत शिकवतो. पण त्या ठरावात पाण्याच्या जोडीला धर्मशाळा हा शब्दही होता, हे आपण सांगायचे विसरतो. पाणी आणि निवारा, वाटसरूच्या ह्या दोन गरजा बोल्यांनी एका वाक्यात बांधल्या होत्या.

दुसरीकडे गाडगे महाराज हातात झाडू आणि डोक्यावर गाडगे घेऊन फिरत होते. पंढरीच्या वाळवंटात त्यांनी पाहिले, की विठ्ठलाच्या भेटीला आलेल्या काही वारकऱ्यांना कुठल्याच धर्मशाळेत थारा नाही. लोकांकडून पैसापैसा जमवून त्यांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः मात्र ते धर्मशाळेत न राहता बाहेर झोपडीत राहत. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले ह्यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे लिहिले आहे. १९५५ च्या अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्यात तर हॉटेल, धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द एकेक करून आले आहेत. बडोद्याच्या त्या बागेत बसलेला माणूस पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, हे मनात ठेवून ते १५ वे कलम वाचावे. मी विद्यार्थ्यांना ते तसेच वाचायला लावतो.

आता दाराची आणखी एक कडी. गावची खोली ही गड्यांची होती. बाईमाणसाने कुठे उतरावे, ह्याचा विचार त्या व्यवस्थेत झालाच नाही, कारण बाई एकटी मुंबईला जाईल हेच कोणाच्या मनात आले नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातली एक मुलगी नोकरीच्या परीक्षेसाठी आईला घेऊन मुंबईला गेली. लॉजचे एका रात्रीचे भाडे ऐकून मायलेकी गावच्या खोलीवर गेल्या. खोलीत चौदा पुरुष. मंडळी अवघडली, मायलेकीही अवघडल्या. शेवटी एका आजोबांनी त्याच मजल्यावरच्या एका कुटुंबात त्यांची सोय केली. मुलगी परीक्षा पास झाली, हे सांगायला मला आनंद वाटतो. पण परत आल्यावर ती म्हणाली, "सर, आमच्या घरातूनही दरसाल मंडळाची वर्गणी जाते. मग खोली आमची नाही का?" मला उत्तर देता आले नाही.

आज परिस्थिती काय आहे? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या, चाळी पाडल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर गावच्या कितीतरी खोल्या गेल्या. मंडळाच्या नावावर कागद नसेल, तर नव्या इमारतीत मंडळाला जागा मिळत नाही. ज्या माणसाच्या नावावर भाडेपावती होती, त्याच्या वारसाला ती मिळते. साठ वर्षे गावाने भाडे भरले आणि शेवटी खोली एका घराची झाली, अशी भांडणे गावोगाव झाली आहेत.

आणि गरज काही संपलेली नाही. परळचे टाटा इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. गावोगावचे रोगी तिथे येतात. उपचार कधी सवलतीत होतो, पण तो महिनोन्‌महिने चालतो, आणि राहायचे कुठे हा प्रश्न रोज संध्याकाळी उभा राहतो. त्या भागातल्या फुटपाथवर चादरी अंथरून बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे अशा रोग्यांना आणि त्यांच्या सोबतच्या माणसांना अल्प खर्चात आसरा मिळतो, आणि जात विचारली जात नाही. पंढरपूरला वारकऱ्यासाठी जे केले, तेच मुंबईत रोग्यासाठी चालले आहे.

तेव्हा ह्या इतिहासातून घ्यायचे काय? मला तरी असे वाटते, की महागड्या शहरात गरिबाला जागा मिळाली ती मुख्यतः गरिबांनीच एकमेकांना दिली. आठआठ आणे एकत्र केले आणि एक खोली झाली. ही रीत टाकून देण्यासारखी नाही. मात्र तिच्या दारावरचा प्रश्न बदलायला हवा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करून संपवतो. तुमच्या गावची मुंबईत खोली होती का, ह्याची चौकशी मुलांना करायला सांगा. कोणत्या चाळीत होती, भाडे किती होते, कोण कोण राहत होते, आणि गावातले कोण तिथे कधीच राहू शकले नाही, हेही विचारायला सांगा. शेवटचा प्रश्न मुले घरी विचारतील तेव्हा म्हातारी माणसे जरा गप्प होतील. तरी विचारू द्या. जुनी पत्रे, भाडेपावत्या, वर्गणीच्या वह्या मिळाल्या तर शाळेत जपून ठेवा. आणि खोली अजून शाबूत असेल, तर मंडळाच्या पुढच्या सभेत दोन गोष्टी मांडा. कागद मंडळाच्या नावावर करून घ्या, आणि परीक्षेला जाणारी मुलगी, इस्पितळात जाणारी बाई, गावातल्या कोणत्याही आळीचा माणूस, ह्यांना तिथे उतरता येईल अशी तजवीज करा. एक पडदा, एक कडी, एक आठवड्याचा वार, काहीही चालेल. सुरुवात तेवढ्याने होते.

लालबागच्या त्या खोलीत म्हाताऱ्याने मला दोन प्रश्न विचारले होते. पहिला, कुणाचा तू. दुसरा, चहा घेतलास काय. पहिल्या प्रश्नावाचून दुसरा विचारता येतो. तो तसा विचारला जावा, एवढेच माझे मागणे आहे.